गुरुवारी जिवंत होणारी मोटार

१. पाचवा मृत्यू

बुधवारी सकाळी साडेदहाला मोटार पाचव्यांदा मेली, आणि दादाने नाइलाजाने धाकट्या बहिणीला फोन केला.

"ये लगेच," तो म्हणाला. "खून झालाय."

"कोणाचा?"

"फ्लॅपच्या मोटारीचा. आणि खुनी कोण तेही मला माहीत आहे. रोज मला जेवायला वाढते ती."

बहिणीने फोन ठेवला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि अकराची बस गाठली. तिने तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची, आतला माणूस देवाचा धावा करायचा, आणि ही बाहेर उभी राहून एकीकडे त्याच्याशी गप्पा मारत दुसरीकडे मोटार सुरू करायची. त्यामुळे तिला यंत्रं कळत आणि यंत्रांत अडकलेली माणसंही कळत. भाची तिला आत्या म्हणायची, ते ऐकून शेजारी आत्या म्हणू लागले, आणि पुढे लिफ्टचे मालकही. आता ती सगळ्यांचीच आत्या होती.

दादा मात्र यंत्ररेखनाचा मास्तर. कारागीर होऊ पाहणाऱ्या मुलांना त्याने आयुष्यभर नटबोल्टचे नकाशे काढायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, भजनं म्हणतात, नातवंडांना बिघडवतात. दादाने घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. खरंखुरं, दोन माणसं बसतील असं, पिवळ्या रंगाचं. त्याला नऊ वर्षं लागली. शनिवारी सरकारी तपासनीस ते पाहायला येणार होता. तो हो म्हणाला तर विमान उडणार होतं.

आत्या पोचली तेव्हा दादा कॉकपिटमध्ये बसून एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होता. पंखांच्या मागच्या कडेला फ्लॅप म्हणून दोन लांब झडपा असतात. विमान उतरताना त्या खाली वाकतात, वेग मोडतात आणि विमान अलगद जमिनीवर येतं. सीटच्या मागे एक छोटी मोटार उभी बसवलेली, तिच्या डोक्यावर उभा लांब स्क्रू. मोटार फिरली की स्क्रू फिरतो, स्क्रू फिरला की झडपा हलतात. दादाने बटण दाबलं. नुसतं टक् झालं, आणि झडपा ढिम्म.

"बघितलंस? बटण नवीन घातलं, वायर नवीन ओढली, बॅटरी बदलली. आता उरली ती तुझी वहिनी."

"भांडलात?"

"बोलतच नाही आम्ही. सहा दिवस झाले." तो खाली बघत म्हणाला. "शनिवारी सकाळी ती लेकीकडे जाते आहे. बॅग भरून ठेवलीये. परत कधी येणार विचारायची माझी हिंमत नाही, आणि सांगायची तिची इच्छा नाही."

आत्याने पिशवी खाली ठेवली. मोटार ती दहा मिनिटांत बघू शकली असती, पण चाळीस वर्षांचा संसार अडकला होता दोन मजल्यांच्या मध्ये, आणि त्याला शनिवारची मुदत होती.

२. वही, पावडर आणि लाल रेघ

दादाचा एक नियम होता. वहीत लिहिल्याशिवाय विमानाला कोणी हात लावायचा नाही. वही दाराशीच टांगलेली असायची. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहाला तो फ्लॅप खालीवर करून बघायचा. मोटार मेली की तो त्या दिवसावर फुली मारायचा. वहीत ओळीने पाच फुल्या होत्या.

"पाचही बुधवार," आत्या म्हणाली.

"योगायोग."

"दादा, यंत्राला वार कळत नाहीत रे. माणसांना कळतात. बरं, मेली ते लिहिलंस. जिवंत कधी झाली?"

दादा गोंधळला. "शुक्रवारी असते की चालू. मला वाटायचं, मी वायर हलवली म्हणून झाली."

"लोकांचं हेच असतं. लिफ्ट बंद पडली की तक्रारवहीत तारीख, वेळ, सोबत दोन शिव्या. आपोआप सुरू झाली की कोणी काही लिहीत नाही." तिने पान उलटलं. "सोमवारी चालू, बुधवारी बंद, शुक्रवारी पुन्हा चालू. वहिनीवर आळ कसा घेतलास?"

दादाने छाती फुगवली. त्याला आपल्या सापळ्याचा अभिमान होता. गेल्या गुरुवारी, नेहमीप्रमाणे दुपारी उड्डाणाच्या शिकवणीला जाताना, त्याने शेडच्या जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरली होती. संध्याकाळी येऊन बघतो तर पावलं. डावी टाच झिजलेली चप्पल. तशी टाच झिजवणारं पाऊल तो चाळीस वर्षं ओळखत होता.

"नऊ वर्षांपूर्वी तिने शपथ घेतली होती, या शेडमध्ये पाऊल ठेवणार नाही म्हणून. मग आली कशाला? ते पण मी नसताना? मी सरळ विचारलं."

"विचारलंस की सांगितलंस?"

दादाने चष्मा पुसायला घेतला. म्हणजे सांगितलं होतं.

आत्या सीटच्या मागे वाकली. तिने मोटारीच्या तारांना मीटर लावलं आणि दादाला बटण दाबायला सांगितलं. काटा थेट बारा व्होल्टवर गेला. म्हणजे वीज मोटारीच्या दारापर्यंत व्यवस्थित येत होती आणि आत कोणी दार उघडत नव्हतं. नवीन बटण, नवीन वायर, नवीन बॅटरी, सगळी बिचारी निर्दोष होती. बिघाड मोटारीच्या पोटात होता.

मग तिचं लक्ष रेघांकडे गेलं. दादा प्रत्येक स्क्रू आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक लाल रेघ ओढायचा. स्क्रू कोणी फिरवला तर रेघ तुटणार, आणि लगेच कळणार. बाटली अर्थातच वहिनीच्या कपाटातून उचललेली, न विचारता. विमानावर अशा शेकडो रेघा होत्या, सगळ्या गर्द लाल आणि केसासारख्या बारीक.

मोटारीच्या झाकणाला चार स्क्रू होते. त्यांच्याही रेघा अखंड होत्या. पण आत्याने खिडकीतून येणारा उजेड त्यांच्यावर पडू दिला आणि ती आणखी जवळ वाकली. त्या चार रेघा लाल नव्हत्या. गुलाबीकडे झुकत होत्या, आणि थरावर थर चढून जाड झाल्या होत्या. हे झाकण कोणीतरी पुन्हा पुन्हा उघडलं होतं आणि दरवेळी रेघ ओढून लपवलं होतं.

दादाला तिने काही सांगितलं नाही. ती थेट स्वयंपाकघरात गेली.

३. स्वयंपाकघरातली साक्ष

वहिनी मिक्सर पुसत होती. "वन्सं, हातपाय धुऊन घ्या. आणि त्यांना सांगा, जेवण तयार आहे."

"तो पंधरा पावलांवर आहे, वहिनी."

"असेल. मला मोजायची गरज नाही."

शेडमधून आवाज आला, "तिला म्हणावं, भूक नाही!"

"त्यांना म्हणावं, आवडीची भाजी आहे!"

"तिला म्हणावं, आलो!"

आत्याला हसू आवरेना. चाळीस वर्षांत ही दोघं काही बदलली नव्हती. हसता हसता ती वहिनीच्या नखांकडे बघत होती. नखं कोरी होती. वहिनीने कित्येक वर्षांत नखं रंगवली नव्हती.

"वहिनी, मोटारीला तू हात लावलास का?"

वहिनीने मिक्सरचं भांडं पालथं घातलं. "त्यांनी निकाल दिलाय ना? मग साक्षीपुरावा कशाला आता?"

"मी निकाल नाही दिला."

"तुम्ही जेवून घ्या, वन्सं." वहिनीचा आवाज एकदम बारीक झाला. ती पाठमोरी झाली. पाठमोरी व्हायला तिथे काही कामच नव्हतं.

जेवणं झाल्यावर आत्या हात पुसायला नॅपकिन शोधत होती. तिने कपाटाचा वरचा खण उघडला. आत नॅपकिनच्या घडीखाली एक छोटी बाटली होती. गुलाबी नेलपॉलिश, अर्धं संपलेलं.

४. आणखी दोन संशयित

आत्याने खण बंद केला आणि स्वतःला दटावलं. बाटली सापडली म्हणजे गुन्हा सापडला असं होत नाही. तिने दादाकडून माहिती काढली. शेडमध्ये आणखी दोघंच यायचे. एक जावई, दर रविवारी. दुसरा शिंपी, दादाचा शाळेपासूनचा मित्र. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं, म्हणून सोमवारी दिवसभर तो येऊन विमानाच्या सीटा शिवायचा. पाच आठवड्यांपूर्वी त्याने हे काम घेतलं होतं.

जावयाला तिने फोन लावला. लेकीने वडिलांच्या उडण्याचा धसका घेतला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि जावई बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता.

"रविवारी शेडमध्ये एकटाच काय करतोस रे?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आत्या, कोणाला सांगणार नाही ना?"

"सांग आधी."

"सासरे दुपारी झोपले की मी कॉकपिटमध्ये बसतो," तो कुजबुजला. "हेडफोन लावतो. तोंडाने इंजिनाचा आवाज काढतो. फ्लॅप एकदा खाली, एकदा वर करतो. उतरतो. बास. वहीत लिहिलं नाही कारण काय लिहिणार? चाळीस वर्षांचा माणूस आहे हो मी."

"फ्लॅप चालतात रविवारी?"

"दर वेळी! मख्खन!"

आत्याने त्याला माफ केलं आणि फोन ठेवला. जावई रविवारी बटण दाबून जायचा, आणि सोमवारी सकाळी दादाला मोटार ठणठणीत सापडायची. म्हणजे जावई सुटला. राहिले सोमवार सकाळ ते बुधवार सकाळ, एवढेच तास.

मग ती शिंप्याच्या दुकानात गेली. अंगापिंडाने सुईसारखा माणूस, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. मास्तर-मास्तरीणबाईंचा अबोला ऐकून त्याचे डोळे भरून आले.

"माझ्यामुळे तर नाही ना? मी मोटारीला बोट नाही लावलं, आईशप्पथ. मला विजेची भीतीच वाटते. मी आपला सीटवर बसतो, मागचा काठ शिवतो, चहा पितो, जातो."

"काही दिसलं, ऐकलं?"

"काही नाही. मास्तर सकाळी झडपा हलवतो तेव्हा जरा कुईं वाजतं, तेवढंच. मला कुरकुर सहन होत नाही, पण आजकाल तेही वाजत नाही." बोलता बोलता त्याचा हात मशीनपाशी गेला. लांब नळीची छोटी बाटली उचलली, मशीनच्या तीन भोकांत एकेक थेंब सोडला, चिंधीने पुसला, बाटली खिशात ठेवली. आत्याच्या पायाशी मांजर आलं तेव्हा त्याने त्याचीही चौकशी केली. अशा माणसाला खुनी ठरवायचं म्हणजे आत्याच्या जिवावर आलं.

रात्री जेवताना तिने दादाला बजावलं, "उद्या गुरुवार. नेहमीसारखा शिकवणीला जा. मोटारीला हात लावू नकोस. मी झोपलेय असं समज."

"तिला पकडणार?"

"कोणाला पकडायचं ते उद्या कळेल."

५. पडद्यामागे

गुरुवारी दुपारी दोन वाजता दादाची स्कूटर फटफटत गेली. रंगकामासाठी शेडच्या कोपऱ्यात जुन्या चादरींचा पडदा टांगला होता. आत्या त्याच्यामागे रंगाच्या डब्यावर बसली. डबा लहान होता आणि आत्या लहान नव्हती, त्यामुळे दहा मिनिटांतच तिचा एक पाय झोपी गेला.

अडीचला दार करकरलं. डाव्या टाचेचा घासत जाणारा आवाज आला.

वहिनीने पदर खोचला, हातातला डबा सीटवर ठेवला आणि सराईतपणे सीटच्या मागे हात घातला. डब्यातून स्क्रूड्रायव्हर निघाला. एक, दोन, तीन, चार. झाकण बाहेर आलं. दादा म्हणत होता ते खरं होतं तर. तिने पडद्याची कड धरली, ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

वहिनीने डब्यातून कापूस काढला, स्पिरिटची बाटली काढली, जुना टूथब्रश काढला. मोटारीच्या पोटातले दोन कार्बन, म्हणजे फिरणाऱ्या भागाला वीज पोचवणारे ते काळे ठोकळे, तिने अलगद बाहेर काढले. त्यांच्यावर डांबरासारखा काळा चिकटा बसला होता. तो तिने पुसला, आतलं तांब्याचं कडं घासलं, फुंकर घातली, पुन्हा पुसलं. आठवड्याला नातवाचे कान साफ करावेत तशी माया होती त्या हातांत. मग झाकण बसलं, चार स्क्रू आवळले, गुलाबी रेघा ओढल्या. तिने कॉकपिटमध्ये वाकून बटण दाबलं.

मोटार गुणगुणली. झडपा खाली आल्या.

"वहिनी," आत्या म्हणाली.

वहिनी किंचाळली. आत्या बाहेर आली, पण झोपलेल्या पायाने दगा दिला आणि ती पडद्यासकट खाली बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग वहिनीच आधी हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

६. खाली यायचं यंत्र

"हे कुठे शिकलीस?"

"तुम्हीच शिकवलंत की. मिक्सर बंद पडला होता तेव्हा फोनवरून. कार्बन काढ, पूस, पुन्हा घाल. त्यानंतर तीन मिक्सर आणि एक पंखा मीच चालवलाय या घरात. ह्यांना वाटतं, चांगल्या कंपनीचे आहेत." तिने डोळे पुसले. "पहिल्या बुधवारी मोटार बंद पडली तेव्हा जेवले नाहीत. म्हटलं, मोटार ती मोटार. बघू तरी उघडून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नऊ वर्षांपूर्वी मी विचारलं होतं, मी काही मदत करू का? तर म्हणाले, तुला यातलं काही कळायचं नाही. मी म्हटलं, मग पाऊल ठेवणार नाही शेडमध्ये. आता कुठल्या तोंडाने म्हणू, मी येते चोरून? आणि त्या दिवशी त्यांनी विचारलं असतं ना वन्सं, की का गेली होतीस, तर सांगितलंही असतं. विचारलंच नाही. वही आपटली आणि म्हणाले, तूच. चाळीस वर्षांनी एवढंच ओळखलं मला."

"तरी आज आलीस."

"आले." वहिनीने पंखावर ताणलेल्या पिवळ्या कापडावर हात ठेवला, पण नजर वळवून. "मला हे विमान आवडत नाही. मुळीच नाही. पण त्यांचं ऐकून ऐकून एवढं कळलंय, वर जायला फ्लॅप नसले तरी भागतं. खाली यायला लागतात. बाकी सगळं त्यांचं वर जायचं यंत्र आहे. हे एकच खाली यायचं आहे. मी नसले तरी हे चाललं पाहिजे."

तिने वहिनीला जवळ घेतलं आणि थोपटलं. पण तिच्या डोक्यातलं चाक फिरतच होतं. मोटार जिवंत कोण करतं ते कळलं होतं. मारतं कोण? वहिनीने टाकलेला कापसाचा बोळा तिने उचलला आणि बोटांत चोळला. काळ्या भुकटीखाली पातळ तेल होतं. मोटारीत तेलाचं काय काम? दादा स्क्रूला घट्ट पिवळं ग्रीस लावायचा, ते खाली ओघळणारं नव्हतं. तिने बोळा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मग उघडले.

"वहिनी, संध्याकाळी चहा चार माणसांचा ठेव."

७. उलगडा

सहा वाजता शेडमध्ये दादा होता, बोलावून आणलेला शिंपी होता, आणि दाराबाहेर उंबऱ्याच्या पलीकडे वहिनी होती. शपथ मोडल्याचं तिने दादापुढे अजून कबूल केलं नव्हतं.

"बटण दाब," आत्या म्हणाली. दादाने दाबलं. झडपा डौलात खाली गेल्या. त्याने आ वासला.

"आता ऐक. तुझी चूक इतकीच, की तू एक खुनी शोधत होतास. इथे दोन माणसं आहेत. एक मोटार मारतं, एक तिला उठवतं. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. सोमवारी सकाळी मोटार चालू, बुधवारी बंद. मारणारा त्या मधल्या वेळात येतो. बुधवारी बंद, शुक्रवारी चालू. उठवणारा गुरुवारी येतो, तू नसताना. तुझी पावडर गुरुवारची होती, दादा. मोटार तर आदल्याच दिवशी मेली होती. मेल्यानंतर आलेली पावलं खुन्याची कशी असतील?"

दादाचं तोंड मिटलं. त्याने दाराकडे बघितलं.

"डॉक्टरची असतील," आत्या म्हणाली. "पाच गुरुवार तिने झाकण उघडलं, कार्बन साफ केले आणि तुझ्या रेघांवर आपल्या रेघा ओढल्या. तुझा लाल रंग तिचाच होता, पण तो तू उचललास. म्हणून तिला गुलाबी आणावा लागला. तू तिला खुनी म्हणालास, तरी आज ती आली."

दादा उभ्याउभ्या म्हातारा झाल्यासारखा दिसू लागला. शिंपी टेपशी चाळा करत म्हणाला, "मग मारतं कोण?"

"शिंपीदादा, सोमवारी जाताना तुम्ही काय करता?"

"काही नाही. सुया गोळा करतो, चिंध्या उचलतो."

"आणि तो स्क्रू कुईं करायचा, तो कसा गप्प झाला?"

"त्याला मी दोन थेंब सोडतो की! फार नाही, वरच्या टोकाला..." शिंप्याचा आवाज विरत गेला. त्याचा हात आपोआप खिशावर गेला. "मोटारीला नाही हं. मोटारीला मी हात नाही लावला. स्क्रूलाच. रोज सकाळ-संध्याकाळ मशीनला घालतो तसं. त्यात वहीत काय लिहायचं?"

"मोटार खाली आहे आणि स्क्रू तिच्या डोक्यावर," आत्या मायेने म्हणाली. "तुमचं तेल पाण्यासारखं पातळ. सोमवारी वर घातलं की मंगळवारपर्यंत स्क्रूवरून उतरून मोटारीच्या पोटात. आत कार्बनची भुकटी असते. तेल आणि भुकटी मिळून चिकटा होतो, कार्बनवर बसतो, आणि वीज दारातच अडते. कापसाला तुमच्या दुकानाचा वास आला मला."

शिंपी मटकन स्टुलावर बसला. "मास्तर, मी तुला वरून पाडणार होतो."

"गप रे," दादा म्हणाला. "तू कुरकुर थांबवलीस. मी नुसती वही लिहिली." त्याने शिंप्याच्या पाठीवर हात ठेवला. "लोकरीची जाड चकती शिवून दे. स्क्रूच्या तळाशी बसवू, काही उतरायलाच नको खाली. आणि ती बाटली दे इकडे."

शिंप्याने बाटली दिली. म्हाताऱ्या मांजराला दुसऱ्याच्या हाती सोपवावं तसा त्याचा चेहरा झाला होता, पण दिली.

मग दादा दाराशी गेला. आयुष्यभर वर्गासमोर खणखणीत बोललेला माणूस, पण आवाज उंबऱ्यापुरताच निघाला.

"चुकलो," तो म्हणाला. "परवाही चुकलो, आणि नऊ वर्षांपूर्वीही. तुला यातलं काही कळायचं नाही असं म्हणालो होतो. मलाच काही कळलं नाही."

वहिनी उंबऱ्याकडे बघत राहिली. "सात दिवस, अहो."

"हो."

"एकदा विचारायचं होतंत."

"हो. आता विचारतो. कसं करतेस ते मला दाखवशील?"

आत्या आणि शिंपी दोघंही छताकडे बघू लागले, जणू तिथे काही महत्त्वाचं टांगलं होतं. मग झिजलेल्या टाचेची चप्पल उंबरा ओलांडून आत आली, सगळ्यांच्या देखत. वहिनीने पदर खोचला आणि सीटच्या मागे वाकली.

"आत अंधार आहे. टॉर्च धरा."

दादाने टॉर्च धरली. एकेक स्क्रू निघत होता आणि उजेडाचा गोल झाकणावरून मोटारीवर, मोटारीवरून वहिनीच्या मनगटावर भटकत होता.

"लक्ष कुठे आहे तुमचं?"

"शनिवारी जाऊ नकोस," दादा म्हणाला. "तपासनिसाने पास केलं, की मी वर जाईन. एकदा तरी जाणारच. पण खाली येईन तेव्हा तिथे तू हवीस."

वहिनीने चौथा स्क्रू तळहातावर घेतला. नाक ओढल्याचा आवाज आला.

"आधी टॉर्च नीट धरा," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी."

दादाने दोन्ही हातांनी धरली.